भाताशेजारची मूठभर भाजी

पौष उतरणीला लागलेला असतो, धानाची मळणी आटोपलेली असते आणि बांधीतली ओल मात्र अद्याप पुरती जिरलेली नसते. अशा दिवसांत भंडाऱ्याच्या गुजरीत सकाळी लवकर गेले, तर फुलकोबीचे आणि वांग्यांचे मोठमोठे ढीग ओलांडून गेल्यावर अगदी कडेला, पोत्यावर चार-सहा वाटे मांडून बसलेली एखादी म्हातारी हमखास भेटते. तिच्यापुढचा माल काट्यावर तोलण्याजोगा नसतो. बोटभर लांबीचे, नाजूक तणावे फुटलेले, अरुंद पानांचे हिरवे शेंडे असतात ते, आणि त्यांवर दवाचा ओलावा अजून टिकून असतो. ही लाखोरीची भाजी. मी वाकून वाटा चाचपला, तेव्हा तिने न विचारताच सांगितले, "आजच खुडली जी भाऊ, वरवरचे शेंडेच हायेत."

तिच्या त्या एका वाक्यात भाजीची पारख होती आणि शेतीचे शास्त्रही होते. धानाची कापणी व्हायच्या पंधरा-वीस दिवस आधी, पीक उभे असतानाच, ओल्या बांधीत लाखोरीचे बी फेकून देतात. नांगर नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. या पेरणीला इकडे उतेरा म्हणतात. धान निघून गेले की मागे राहिलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर हे पीक वाढते, आणि पुष्कळ फुटवे यावेत म्हणून त्याचे शेंडे खुडणे हिताचे असते. म्हणजे जी भाजी ताटात येते ती पिकातून वजा होत नाही, उलट पिकाला फांद्या फुटायला मदत करते. भंडारा, मोहाडी, पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी आणि तुमसर या सातही तालुक्यांत धान हेच मुख्य पीक असल्यामुळे ही भाजी इतकी परिचयाची आहे, की तिच्याविषयी काही लिहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. मला वाटते, कारण नित्याच्या भाज्या आपल्या शरीराचे काय कल्याण करतात हे भातावर जगणाऱ्या माणसाने इतरांपेक्षा अधिक काळजीपूर्वक समजून घेतले पाहिजे, अशी माझी ठाम धारणा आहे.

आपल्या भाषेत भाजीला 'तोंडी लावणे' म्हणण्याचा प्रघात आहे. देशावर भाजी आणि भाकरी यांचे नाव जोडीने घेतले जाते, आणि त्या जोडीत भाजीचा मान थोडा तरी राखला जातो. पण धानाच्या मुलखात ताटाचा मालक भात असतो, वरण त्याचे कारभारी असते आणि भाजी कोपऱ्यात, चमचा-दोन चमचे, घास उतरण्यापुरती असते. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून आलेल्या माणसाला भाताचा मोठा ढीग लागतो, हे खरेच आहे, आणि त्याच्या भुकेला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा जमाखर्च मांडला, तर जमेच्या बाजूला शक्ती आणि थोडी प्रथिने येतात. अ आणि क या दोन जीवनसत्त्वांच्या रकान्यांत शून्य लिहावे लागते, आणि शंभर ग्रॅम तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. जे काही ब जीवनसत्त्व दाण्याच्या पापुद्र्यात असते तेही गिरणीत कोंड्याबरोबर निघून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमान नावाच्या डच वैद्याला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना दिसले आणि कोंडा दिल्यावर त्या बऱ्या होताना दिसल्या. बेरीबेरी या रोगाचे मूळ आहारात आहे, हे त्यावरून पुढे उमगत गेले.

१९२० च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांवर जे प्रयोग केले, ते या संदर्भात मुद्दाम आठवावेत असे आहेत. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतली माणसे जे खातात, तेच त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घातले. सबंध गव्हाची पोळी, दूध, डाळी आणि ताजा भाजीपाला असा उत्तरेकडचा आहार मिळालेले उंदीर तजेलदार आणि सुदृढ झाले. दूध व भाजी यांची वाण असलेल्या, तांदळावर भिस्त ठेवलेल्या आहारावरचे उंदीर खुरटले आणि रोगांना लवकर बळी पडले. यावरून तांदूळ सोडून गव्हाकडे वळावे, असा बोध पुष्कळांनी घेतला. तो मला मान्य नाही. ज्या जमिनीत चार महिने पाणी उभे राहते, तिथल्या माणसाने धानच पिकवावे आणि भातच खावा. त्या भाताच्या सोबतीला काय आहे, एवढाच खरा प्रश्न आहे. कुन्नूरचीच ती संस्था पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून देशाला आहाराचा सल्ला देते. तिच्या आजच्या सल्ल्यात दिवसभराच्या ताटाचा सुमारे अर्धा भाग भाज्या आणि फळांनी भरलेला दाखवला आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान चारशे ग्रॅम फळे-भाज्या सांगते. भंडाऱ्याच्या ताटातल्या दोन चमच्यांशी हा हिशेब ताडून पाहिला, की तूट किती आहे ते आपोआप कळते.

ही तूट रक्तात कशी उमटते, याचा शोध आपल्याच मुंबईत लागला, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज वैद्य स्त्रीने मुंबईत येऊन गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा तपास आरंभला. गिरणीत राबणाऱ्या आणि दारिद्र्यात दिवस काढणाऱ्या अनेक स्त्रियांचे रक्त गरोदरपणात विलक्षण पातळ होई, त्यांच्या तांबड्या पेशी आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या पण संख्येने थोड्या भरत, आणि त्यांतल्या कित्येकींना प्राणास मुकावे लागे. जंतू शोधून झाले, सापडले नाहीत. मग त्यांनी या बायकांच्या चुलीकडे पाहिले. भाजीपाला, फळे, दूध यांची तिथे मोठी टंचाई होती. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या प्राण्यांना आणि त्यानंतर रुग्ण स्त्रियांना त्यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा रक्त झपाट्याने सुधारले, आणि १९३१ साली त्यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला. अर्कातले ते गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र आणखी दहा वर्षे कळले नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास येथील संशोधकांनी चार टन पालकाचा पाला आटवून ते वेगळे काढले, आणि पानातून निघाले म्हणून पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फोलिक आम्ल ठेवले. नवी रक्तपेशी घडताना, गर्भाचा कणा आणि मेंदू आकार घेताना, शरीराला हे द्रव्य लागते. आणि ते माठात आहे, चवळीत आहे, पालकात आहे, बहुतेक साऱ्या कोवळ्या हिरव्या पाल्यात आहे.

भंडाऱ्याला या शोधाचे अगत्य विशेष आहे. पूर्व विदर्भातल्या नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ कुटुंबांतून आढळतो. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती विळ्यासारखी वाकून दहा-वीस दिवसांतच नाश पावते, आणि अस्थिमज्जेला अहोरात्र नव्या पेशी घडवत राहावे लागते. या अखंड घडणीत फोलिक आम्लाचा साठा भराभर संपतो. म्हणूनच दवाखान्यात या मुलांना त्याच्या गोळ्या देतात. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे: पालेभाजी हा सिकलसेलवरचा इलाज नाही, गोळ्या आणि वैद्यांनी दिलेली इतर औषधे थांबवून भाजीवर विसंबणे हा त्या मुलावर घोर अन्याय ठरेल, आणि लोहाची गोळी तर रक्त तपासल्यावाचून अशा रुग्णाला देऊच नये. भाजीचे काम औषधाच्या जोडीला बळ देण्याचे आहे. परंतु ज्या घरात हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे, त्या घराच्या सांदवाडीत माठाचा एक वाफा नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

साध्या पंडुरोगात, जो आपल्या बायकांत आणि मुलींत सर्रास दिसतो, लोहाचा प्रश्न निराळा आहे. पाल्यात लोह असते, पण मांसातले लोह शरीर जितके सहज शोषून घेते तितके पाल्यातले घेत नाही. त्याला आत शिरायला कोणीतरी हात द्यावा लागतो, आणि तो हात क जीवनसत्त्व देते. या जीवनसत्त्वाची ओळख पटवणाऱ्या सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाला ते विपुल प्रमाणात कशात सापडले, तर त्याच्या गावच्या प्रसिद्ध मिरचीत. या संशोधनासाठी त्याला १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे ताटात ठेवलेली ताजी हिरवी मिरची, वर पिळलेली लिंबाची फोड, चिरून टाकलेला सांभार, कच्च्या भेदऱ्याची चटणी, हे सगळे त्या दृष्टीने चवीपलीकडचे काम करीत असतात. उलट जेवण होताच पेलाभर चहा पिण्याची जी सवय शेतावरून आलेल्या माणसांना आता जडली आहे, ती हे काम उलटवून टाकते, कारण चहातला तुरट अंश लोहाला आतड्यातच अडकवून धरतो. चहा घ्यावा, पण जेवणानंतर तासभर थांबून.

चुन्याच्या, म्हणजे हाडे बांधणाऱ्या कॅल्शियमच्या बाबतीत मुनग्याच्या पाल्याची योग्यता मोठी आहे. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीपुढे टाकतो. त्या शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे एकशेवीस. माठातही आकडा तितकाच मोठा दिसतो, परंतु त्यातले ऑक्झॅलेट बराचसा चुना बांधून ठेवते, म्हणून आकड्यावर भाळू नये. धोप्याची पाने घशाला खाजतात तीही याच द्रव्याच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. आपल्या आजीने वड्यांच्या पिठात चिंच घालून त्या नीट उकडण्याचा जो दंडक घालून दिला, त्यामागे कित्येक पिढ्यांचा अनुभव होता. मूतखड्याचा त्रास असलेल्याने अशा भाज्या बेताने खाव्यात, आणि मूत्रपिंड थकलेल्याने कोणती भाजी किती खावी हे वैद्यांनाच विचारावे.

कवेलूच्या छपरावर चढलेला कोहळ्याचा वेल हे भंडाऱ्याच्या गावातले नेहमीचे दृश्य आहे. त्याच्या पिवळ्या-केशरी गरात आणि गर्द हिरव्या पाल्यात कॅरोटिन असते, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, आणि ते कमी पडले की लहान मुलाला दिवेलागणीला दिसेनासे होते. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते, म्हणून नुसती उकडलेली बेचव भाजी खाणे हे पथ्य नव्हे. जवसाच्या तेलाची चमचाभर फोडणी तिच्यात हवीच.

मधुमेहाविषयी थोडक्यात सांगतो. भाताच्या मोठ्या ढिगाने रक्तातली साखर एकदम चढते. जेवणात आधी वाटीभर भाजी, बरबटीच्या किंवा पोपटाच्या शेंगा, भरताचे वांगे असे तंतुमय पदार्थ पोटात गेले आणि भात मागाहून थोडा कमी आला, तर ती सावकाश चढते. कारल्याच्या रसाने मधुमेह बरा होतो, असे मात्र मी कोणाला म्हणू देणार नाही. कारले ही उत्तम भाजी आहे, आणि भाजी म्हणूनच तिचा मान राखावा.

आता त्या लाखोरीकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण तिच्यावर एक गंभीर आरोप आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. लाखोरीच्या दाण्यात चेतातंतूंना इजा करणारे एक द्रव्य असते. दुष्काळात, जेव्हा दुसरे काही पिकत नाही आणि महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून लाखोरीची डाळच पोटात जाते, तेव्हा पाय ताठरतात आणि माणूस कायमचा पंगू होतो. आयुर्वेदाने याला कलायखंज असे नाव दिलेले आहे. १९६१ साली देशात या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पुढे या प्रश्नावर विदर्भात दीर्घकाळ वाद आणि आंदोलन झाले, आणि २००८ मध्ये महाराष्ट्राने ती बंदी उठवली. माझे मत असे, की या आरोपाचा खरा गुन्हेगार एकसुरी, दरिद्री आहार आहे. तेच द्रव्य थोड्याबहुत प्रमाणात पाल्यातही असते, म्हणून लाखोरीची भाजी रोज दोन्ही वेळ खावी असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु हिवाळ्यातल्या चार-सहा आठवड्यांत, माठ, पालक, वांगी, शेंगा यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या रांगेत तिचाही एखादा दिवस असेल, तर भय बाळगण्याचे कारण नाही. मुळात हे आलटून-पालटून खाणे हाच भाजीपाल्याच्या गुणाचा गाभा आहे. एका भाजीत सर्व काही नसते, आणि एका भाजीतला दोष दुसरीच्या सोबतीने सौम्य होतो.

आणि ऋतूगणिक भाजी बदलत ठेवण्याचे काम या जिल्ह्याच्या भूमीने स्वतःकडे घेतलेले आहे. मृगाचा पाऊस पडला, की तरोट्याची कोवळी पाने रस्त्याच्या कडेने उगवतात. कोठारातले धान संपत आलेले असते, रोवणीचे कष्ट सुरू व्हायचे असतात, आणि नेमक्या त्या वेळी ही फुकटची भाजी दारात येऊन उभी राहते. ती कोवळी असतानाच खावी, जून झाली की पोट ढाळते. आषाढ-श्रावणात बांबूचे वास्ते आणि सात्या येतात. सात्या मात्र ओळखणाऱ्या जाणत्या माणसाच्याच हातून घ्याव्यात, अळंबीत चुकीला क्षमा नाही. मग अंबाडी येते, जी तांदळाच्या कण्या घालून घोटली की तिच्या आंबटपणाने भाताला निराळीच गोडी येते. मग कोचईचे कांदे, तलावातले शिंगाडे, चिवळ. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी या मुलखात जे शेकडो तलाव आणि बोड्या बांधल्या, त्यांच्या पाळींवर, पाझरावर आणि काठच्या बांधींच्या धुऱ्यांवर ही सगळी हिरवी दौलत उभी आहे. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले. गावाच्या निस्तारपत्रकात चराईचे आणि जळाऊ लाकडाचे हक्क नोंदलेले असतात. धुऱ्यावरची भाजी खुडण्यासाठी मात्र कोणाचा दाखला, कोणाची सही कधी लागली नाही. तो हक्क कागदाहून जुना आहे. पण निंदणाला माणसे मिळेनात म्हणून धुऱ्यावर तणनाशक फवारले जाऊ लागले, आणि ज्याला आपण तण म्हणून मारतो त्यातली निम्मी आपली भाजीच होती, हे नव्या पिढीला ओळखू येईनासे झाले. फवारलेल्या जागेवरचा पाला कोणीही खुडू नये, हे सांगताना मला क्लेश होतात, कारण असे सांगण्याची पाळी यायला नको होती.

भाजी घरात आली म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे चुलीपाशी होते किंवा बिघडते. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, चिरून पाण्यात बुडवून ठेवू नये. भांडेभर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतले, तर क जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल यांचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबर वाहून जातो. पाला स्वतःच्याच पाण्यात, झाकण ठेवून, थोड्या वेळात शिजवावा. त्या दिवशी मी आणलेले लाखोरीचे शेंडे घरी असेच केले: लोखंडी कढईत जवसाचे तेल, ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या, मग बारीक चिरलेला पाला, वर मूठभर भिजवलेली चण्याची डाळ. कढई काठोकाठ भरली होती. झाकण उघडले तेव्हा तळाला लागून वाटीभर गर्द हिरवी भाजी उरली होती, आणि चौघांच्या ताटात ती वाढताना, आणखी दोन वाटे का घेतले नाहीत, असे झाले.

दुसऱ्या आठवड्यात गुजरीत गेलो, तेव्हा ती म्हातारी उठायच्या बेतात होती. तिचे तीन वाटे विकायचे राहिले होते, आणि ऊन वर आल्यामुळे पाला मलूल झाला होता. आता याचे काय करणार, असे मी विचारले. "घरी बाजेवर पसरवतो जी, सावलीत," ती पोते झटकत म्हणाली, "चैत-वैशाखात भाजी कुठची भेटते?" उन्हात वाळवल्याने पाल्याचा रंग आणि त्याबरोबर त्यातले कॅरोटिन उडून जाते, सावलीत ते पुष्कळ टिकते, हे तिला कोणी सांगितले होते की नाही, मला ठाऊक नाही. तिने तो पाला ओल्या फडक्यात गुंडाळला, टोपली डोक्यावर घेतली आणि ती वैनगंगेच्या दिशेने चालू लागली.